मंगळवारचा गणिताचा वर्ग

आमच्या घरी पोळ्या बाबा करायचे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण सुट्टीत पुण्याला गेलो की ही गोष्ट आम्हा तिघांनाही लपवावी लागायची, आणि लपवाछपवीचा मला तेव्हापासून जो कंटाळा आला तो आलाच. आई गावातल्या हॉस्पिटलमध्ये भूल देणारी डॉक्टर होती आणि बाबा एका विमा कंपनीच्या ऑफिसातून पाचच्या ठोक्याला सुटणारे. मग पोळ्या कोण करणार? जो सहाला घरी असेल तो. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या आमच्या त्या घराची संध्याकाळ मला आजही कानांनीच आठवते. पोळपाटाची खडखड, तापायला लागलेल्या रेडिएटरची टकटक, कुकरच्या शिट्ट्या, आणि या सगळ्यावर मात करणारा आईच्या पर्समधला तो मेला ब्लीप, हॉस्पिटलने बोलावलं की वाजणारा. तो वाजला की आई तोंडातला घास गिळायच्या आधी फोनपाशी पोचलेली असायची. बाबा तिचं ताट झाकून ठेवायचे. कढीपत्ता, तूरडाळ, गोडा मसाल्याचं सामान, सगळं महिन्यातून एकदा लंडनच्या वेम्बलीतल्या भारतीय दुकानांतून यायचं. येताना कढीपत्त्याची पिशवी माझ्या मांडीवर असायची आणि गाडीभर तोच वास. सोमवारी शाळेच्या ब्लेझरलाही तो यायचा, आणि मी त्यावर आईचं परफ्यूम मारून दोन्ही वासांचा सत्यानाश करायची.

आईबद्दल सांगायचं तर ती नाकावर माशी बसू द्यायची नाही. डॉक्टर अनुराधा बापट, उंची पाच फूट, आवाज सहा फूट. हॉस्पिटलमधले सर्जन तिला वचकून असत, असं बाबा म्हणत, आणि घरात बाबांची गतही काही वेगळी नव्हती. पण या बाईला एक गंमतशीर खोड होती. गाडी राउंडअबाउटला थांबली की पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवरचा आकडा ती तोंडातल्या तोंडात अवयवांत फोडायची. "तीनशे एक्याण्णव… सतरा तेवीस," असं काहीतरी पुटपुटायची आणि तिचा चेहरा खुलायचा. आकडा फुटलाच नाही तर आणखी खुलायचा. मी लहान असताना मला वाटायचं की गाडी चालवताना सगळ्याच आया हे करतात.

मी सोळा वर्षांची झाले तेव्हा शाळेतून एक पिवळा फॉर्म घरी आला. इथल्या रिवाजाची ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते. विलायतेत सोळाव्या वर्षी तुम्ही नऊ-दहा विषयांना रामराम ठोकता आणि पुढची दोन वर्षं फक्त तीन विषय शिकता, त्यांना ए लेव्हल म्हणतात. त्या तीन विषयांच्या ग्रेडवर युनिव्हर्सिटी तुम्हाला घेते किंवा घेत नाही. मला डॉक्टर व्हायचं होतं. कुणी ढकललं नव्हतं, उलट आईने रात्रीअपरात्रीच्या ड्यूट्यांची भीती घालून पाहिली होती. पण शनिवारी ती मला कधी हॉस्पिटलच्या कॉफीरूममध्ये बसवून जायची, आणि ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलेली माणसं दमून, खूश होऊन आज काय झालं ते एकमेकांना सांगायची. मला त्यांच्यातलं एक व्हायचं होतं, बस. तेव्हा फॉर्मवरच्या तीन ओळींत काय लिहायचं यावर माझं सगळं अवलंबून होतं, आणि घोडं अडलं होतं फिजिक्सपाशी. फिजिक्सशी माझं कधी जमलंच नाही. मॉक परीक्षेत मला त्यात डी मिळाला होता. मॅथ्समध्ये ए होता, वर्गात पहिला नंबर. फिजिक्स घेतलं असतं तर दोन वर्षांनी पुन्हा तोच डी घेऊन मी कुठल्या मेडिकल कॉलेजच्या दारात उभी राहणार होते?

फॉर्म टेबलावर ठेवला तेव्हा आई चहा पीत होती. तिने तो पाहिलाही नाही.

"फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी," ती म्हणाली. "लिही. यात विचार करण्यासारखं काय आहे?"

"मला फिजिक्सऐवजी मॅथ्स घ्यायचंय."

आईने कप बशीत ठेवला. "मॅथ्स? मग मेडिकलला कशी जाणार तू?"

"मॅथ्स घेऊन."

"मॅथ्स म्हणजे ए ग्रुप, नीला. ए ग्रुप म्हणजे इंजिनिअरिंग. मेडिकलला बी ग्रुप लागतो. एकदा ए ग्रुपवर खूण झाली की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी बदलत नाही. माझ्या वर्गातल्या मालतीचं काय झालं माहितीय ना?"

मालतीचं काय झालं हे मला तोंडपाठ होतं. आईच्या कॉलेजात इंटर सायन्सला दोन ग्रुप असत, गणितवाल्यांचा ए आणि बायोलॉजीवाल्यांचा बी. मालतीने चुकून ए वर खूण केली, कॉलेजच्या क्लार्कने ती बदलायला नकार दिला, आणि डॉक्टर व्हायला निघालेली मालती साताऱ्याला शाळेत भूमिती शिकवत बसली. आमच्या घरात मालती म्हणजे रस्त्यात मोठ्यांचा हात सोडणाऱ्या मुलांना सांगतात ती बागुलबुवाची गोष्ट होती. मी म्हणाले, "आई, हे इंग्लंड आहे. इथे ग्रुपबिप काही नसतं." आई म्हणाली, "सगळीकडे असतं. फक्त नाव वेगळं असतं." आणि मग जे झालं ते आमच्या घरात वर्षातून दोनदा व्हायचं तसं झालं. मी ओरडले, तिने त्यावर ओरडून दाखवलं, मी जिना दणादणा चढले, तिने खालून "पाय आपटू नकोस" म्हटलं, आणि फॉर्म कोराच राहिला. शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. त्या दिवशी सोमवार होता.

तुम्ही म्हणाल, बारा वर्षं इंग्लिश डॉक्टरांबरोबर काम करणारी बाई, तिने कुणाला विचारलं का नाही? आता मी स्वतः तीस-बत्तीस वर्षं डॉक्टरकी केल्यावर मला ते बरोब्बर कळतं. विचारलं की आपल्याला माहीत नाही हे समोरच्याला कळतं, आणि आईसारख्या माणसांना ते परवडत नव्हतं. साडी सोडून पँट घालून, उच्चार घासूनपुसून ती त्या थिएटरमध्ये उभी राहिली होती. रक्तदाब कोसळला तर काय करायचं हे ती शंभर माणसांदेखत सांगू शकत होती. पण 'तुमची मुलं मेडिकलला कोणते विषय घेतात हो?' हे चहाच्या टेबलावर विचारणं तिच्या जिवावर यायचं. म्हणून तिने पुण्याचा नियम उचलून इथे आणला आणि त्यावर ठाम बसली. परदेशात आलेले सगळेच आईबाप असा एखादा नियम सामानात बांधून आणतात. कालबाह्य झालाय हे त्यांना सांगायची हिंमत कुणाला नसते.

बाबा भांडणात मधे पडत नसत. ते बाजूने जात. बुधवारी लंच अवरमध्ये त्यांनी ऑफिसातून पाच मेडिकल कॉलेजांच्या अॅडमिशन ऑफिसांना फोन लावले, आणि पाचही उत्तरं एका खाकी पाकिटाच्या पाठीवर आपल्या सुवाच्य अक्षरात लिहून आणली. संध्याकाळी पिठलं ताटात वाढलं, वर तेलाची धार सोडली, आणि मग खिशातून पाकीट काढून वाचायला लागले. पाचही ठिकाणी सार एकच होतं. केमिस्ट्री हवंच. उरलेले दोन बायोलॉजी, फिजिक्स, मॅथ्स यांतले कुठलेही चालतील.

"त्यांना काय कळतंय," आई म्हणाली.

"अगं, ते अॅडमिशन ऑफिस आहे. त्यांना नाही कळणार तर कुणाला?"

"पुन्हा वाच."

बाबांनी पुन्हा वाचलं. आई पिठल्यात बोट फिरवत बसली. मला वाटलं आता हिचा पारा चढणार. पण ती इतक्या हळू आवाजात बोलली की मला पुढे वाकावं लागलं. "म्हणजे दोन्ही घेता येतं? बायोलॉजी पण आणि मॅथ्स पण?"

"दोन्ही," बाबा म्हणाले.

"असं कसं," ती म्हणाली, आणि उठून हात धुवायला गेली. तिचं जेवण अर्धं राहिलं होतं आणि ब्लीप वाजलाही नव्हता.

भांडी घासताना बाबांनी मला ते सांगितलं, जे आईने मला सोळा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. आई कॉलेजात गणितात पहिली होती. ग्रुप निवडायची वेळ आली तेव्हा तिचे गणिताचे प्राध्यापक स्वतः घरी आले होते, या मुलीचं गणित सोडवू नका म्हणून सांगायला. आजोबांनी त्यांना चहा दिला, लाडू दिला आणि सांगितलं, की मुलगी डॉक्टर होणार आहे, तेव्हा बी ग्रुप. आईलाही डॉक्टर व्हायचं होतं. तिने स्वतःच्या हाताने बी वर खूण केली. "तिच्यावर कुणी जुलूम केला असं नाही," बाबा म्हणाले. "एकच मिळणार होतं, तिने एक घेतलं. पण तिला आवडायचं गं ते." मला तेव्हा पहिल्यांदा नंबरप्लेटांचा उलगडा झाला. आणि मी मूर्ख पोरगी जिना आपटत चढले होते.

गुरुवारी सकाळी फॉर्मवर आईची सही होती. केमिस्ट्री, बायोलॉजी, मॅथ्स. मी तरंगतच शाळेत गेले. पण आमच्या नशिबात सरळ काही लिहिलेलंच नव्हतं. सिक्स्थ फॉर्मचे, म्हणजे त्या शेवटच्या दोन वर्षांचे, प्रमुख मिस्टर हॉलिस यांनी फॉर्म पाहिला, मान हलवली आणि टाइमटेबलचा तक्ता माझ्यापुढे धरला. बायोलॉजी आणि मॅथ्स एकाच रकान्यात होते. म्हणजे दोन्ही तास एकाच वेळी, शाळेच्या दोन टोकांना. "एक निवड," ते म्हणाले, "किंवा फिजिक्स घे. बऱ्याच मुली फिजिक्सला घाबरतात, पण होतं हळूहळू." मी घरी येऊन हे सांगितलं आणि मनातून तयार राहिले, की आता आई म्हणणार, बघ, मी म्हणत नव्हते? सगळीकडे असतं, नाव वेगळं असतं.

ती तसं म्हणाली नाही. तिने विचारलं, "हा तक्ता कुठल्या शहाण्याने केला?"

शुक्रवारी ती मिस्टर हॉलिसना भेटायला आली ती थेट थिएटरमधूनच. कोटाखाली हिरवे कपडे, पायांत पांढरे क्लॉग्ज. मला त्या क्लॉग्जची इतकी लाज वाटली होती की पहिली पाच मिनिटं मी फक्त त्यांच्याकडेच बघत होते. त्यामुळे सुरुवातीचं बोलणं माझ्या कानांवरून गेलं. शुद्धीवर आले तेव्हा मिस्टर हॉलिस म्हणत होते, की डॉक्टर बापट, टाइमटेबल सगळ्यांसाठी असतं, आणि खरं सांगायचं तर मोस्ट गर्ल्स बायोलॉजीबरोबर मॅथ्स मागतच नाहीत.

"मी मोस्ट गर्ल्सची आई नाहीये," आई म्हणाली. "मी हिची आई आहे. हिला दोन्ही येतं. तुम्ही ज्यातलं एक टाकायला सांगताय ना, ते टाकून काय होतं ते मला माहितीय. तुम्हाला माहितीय का?"

हॉलिस माणूस वाईट नव्हता. तो खुर्चीत मागे रेलला. मग म्हणाला, की टाइमटेबल तर मी हलवू शकत नाही, पण टेक्निकल कॉलेजात मंगळवारी संध्याकाळी ए लेव्हल मॅथ्सचा वर्ग असतो, नोकरी करणाऱ्या माणसांसाठी. तिथे हिने मॅथ्स केलं आणि इथे दोन विषय केले तर शाळेची हरकत नाही. युनिव्हर्सिटीला ग्रेडशी मतलब, वर्ग कुठला होता याच्याशी नाही. आईने लगेच डायरी काढून लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "आई, ते क्लॉग्ज!" ती म्हणाली, "क्लॉग्ज काय? स्वच्छ आहेत."

सप्टेंबरात टेक्निकल कॉलेजात नावनोंदणीची संध्याकाळ होती. मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली. एकीकडे केक सजवणं, दुसरीकडे फ्रेंच संभाषण, गाड्यांची दुरुस्ती, आणि कोपऱ्यात, जिथे कुणी फिरकत नव्हतं, तिथे मॅथ्स. टेबलामागे चष्म्याला साखळी लावलेली एक बाई आणि तिच्याशेजारी मिस्टर प्यू, आमचे होऊ घातलेले मास्तर. वेल्समधले निवृत्त इंजिनिअर, पँटीच्या पायांना सायकलच्या क्लिपा तशाच. माझं नाव लिहून झाल्यावर बाईने यादी मोजली आणि तोंड वाईट केलं. वर्ग चालवायला बारा जण लागतात, ती म्हणाली, आणि हे अकरा झाले. आठ वाजेपर्यंत आणखी कुणी आलं नाही तर वर्ग रद्द.

साडेसात झाले होते. आई, बाबा आणि मी भिंतीशी उभे राहिलो. फ्रेंच संभाषणापुढे ही रांग. केकपुढे त्याहून मोठी. प्रत्येक वेळी दार उघडलं की मी देवाचं नाव घ्यायची आणि येणारा माणूस केककडे वळायचा. वर्ग नाही म्हणजे मॅथ्स नाही, मॅथ्स नाही म्हणजे फिजिक्स, आणि फिजिक्स म्हणजे डी. पावणेआठला आई सरळ टेबलापाशी गेली. मला वाटलं भांडायला. मी डोळे मिटून घेतले.

"या वर्गाला वयाची अट आहे का?" तिने विचारलं.

"सोळा पूर्ण हवीत," बाई म्हणाली.

"ते कमीत कमी. जास्तीत जास्त?"

मिस्टर प्यू हसायला लागले. बाईने फॉर्म पुढे केला आणि आईने उभ्याउभ्याच तो भरला. व्यवसाय या चौकटीत तिने अॅनेस्थेटिस्ट लिहिलं तेव्हा बाईने मान वर करून पाहिलं. हा कोर्स का करू इच्छिता, अशी एक ओळ होती. आईने तिथे लिहिलं, 'टू मेक अप द नंबर', म्हणजे संख्या भरायला. आणि मला मराठीत म्हणाली, "वर्ग सुरू होऊ दे. मग मी यायचं बंद करेन. तू काळजी करू नकोस."

दोन वर्षांत तिचे तीनच मंगळवार चुकले. तिन्ही वेळा थिएटरमध्ये माणूस टेबलावर होता.

हे सांगायला सोपं आहे, पण मंगळवार मोकळे मिळावेत म्हणून तिने दोन्ही वर्षांचा ख्रिसमस आणि ईस्टर ड्यूटीवर काढला. सहकाऱ्यांना वाटायचं, हिंदू आहे, हिला काय त्याचं! आम्हाला ख्रिसमसला सगळ्यांना मिळून सुट्टी किती हवी असायची ते त्यांना कुठे माहीत? मंगळवारी बाबा सव्वासहालाच जेवायला वाढायचे आणि वर डब्यात साखरपोळी द्यायचे, अर्ध्या तासाच्या सुट्टीत खायला. घरी आलो की औषध कंपन्यांच्या फुकट पॅडांवर आईचं इंटिग्रेशन सुरू. मी बायोलॉजीच्या आकृत्या काढत असायची आणि पलीकडून आवाज यायचा, "नीलू, सातवं झालं का? काय सुरेख आहे गं ते!" सुरेख! मला ते सातवं येत नसायचं, आणि या बाईला त्यात सौंदर्य दिसत होतं. मी चिडायची. ती समजावायला बसली की आणखी चिडायची, कारण तिला शिकवायचा धीर अजिबात नव्हता. "हे दिसत नाही? अगं, दिसतंय की समोर!" पण ओरडत ओरडत का होईना, ती मला तिथपर्यंत नेऊन सोडायची, आणि एकदा दिसलं की ते खरंच दिसायचं.

आता एक गोष्ट लिहायची आहे जी मी कुणालाच सांगितलेली नाही. त्या वर्गात मी आईच्या शेजारी बसत नसे. पहिल्याच मंगळवारी दोन बाकं सोडून बसले आणि तीच जागा धरली. बँकेतला एक पोरगा होता, एक पोलीस होता, दोन नर्सेस होत्या, आणि आईचा हात सारखा वर. तिचा उच्चार, तिचा तो हात, फळ्यापाशी जाऊन मिस्टर प्यूंची चूक दाखवणं, सगळ्याने मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शाळेतल्या मैत्रिणींना मी सांगून ठेवलं होतं की आई मला फक्त गाडीने सोडते. एका मंगळवारी सुट्टीत त्या बँकेतल्या पोराने विचारलं, "ती तुझी आई का?" मी म्हणाले, "आम्ही एकत्र येतो." आई हातात साखरपोळीचा डबा घेऊन माझ्या मागेच उभी होती. तिने डबा माझ्यापुढे ठेवला आणि पोलिसाशी बोलायला गेली.

परीक्षेचा प्रश्न आला तेव्हा मी गृहीत धरलं होतं की आई बसणार नाही. ती तर संख्या भरायला आलेली. पण मिस्टर प्यूंनी नावांची यादी केली त्यात तिचं नाव होतं, आणि तिने नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, "बघूया तरी." बसायची जागा आडनावाप्रमाणे होती. बापट ए, मग बापट एन. तीन तास मला समोर आईची पाठ. दुसऱ्या पेपरात मी एका प्रश्नावर अडले. मेडिकल कॉलेजने माझ्याकडे तिन्ही विषयांत बी मागितला होता. हा प्रश्न गेला तर बी गेला, आणि बी गेला की सगळंच गेलं. मी मान वर केली. आदला दिवस आणि रात्रभर ती ड्यूटीवर होती, अंबाडा अर्धा सुटला होता, आणि ती लिहीत होती. थांबत नव्हती, खोडत नव्हती, डोकं किंचित एका बाजूला झुकवून लिहीत होती, गाणं ऐकावं तसं. मी कधी तिला इतकं सुखात पाहिलं नव्हतं. मी तो प्रश्न सोडून दिला, पुढचा घेतला आणि शेवटपर्यंत मान खाली घालून लिहीत राहिले.

निकालाच्या दिवशी सकाळी शाळेतून केमिस्ट्रीचा ए आणि बायोलॉजीचा बी घेतला, आणि बाबांबरोबर टेक्निकल कॉलेजात गेले. तिथल्या त्याच चष्मेवाल्या बाईने मला दोन पाकिटं दिली. माझं मी काउंटरवरच फाडलं. बी! बाबांनी मला तिथेच उचललं, आणि मी काही हलकी नव्हते. आईचं पाकीट आम्ही तसंच घरी आणून गॅसशेजारी ठेवलं. ती पाचला आली, दारातूनच ओरडली, "काय झालं?" मी सांगितलं. तिने पर्स टाकली, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "झालीस गं डॉक्टर. झालीस!" मग हात धुतले, चहा घेतला, कुणाकुणाला फोन करायचे त्याची उजळणी केली. पाकिटाकडे ती बघेचना. शेवटी बाबांनीच ते उघडलं, वाचलं, आणि कागद तिच्यापुढे धरला. तिला ए मिळाला होता. ती "बरं," म्हणाली आणि बेसिनकडे तोंड करून नळ सोडून उभी राहिली. धुवायला तिथे काही नव्हतं. बाबांनी मला खुणेने बाहेर बोलावलं आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

ऑक्टोबरात मला लंडनला सोडायला दोघं आले. कॉलेजने सामान घेऊन मंगळवारी यायला सांगितलं होतं. आईने माझ्या खोलीतली गादी दाबून पाहिली, खिडकी लागते का पाहिलं, कपाटात कागद अंथरले, लाडवांचा डबा वरच्या फळीवर ठेवला. मी वाट बघत होते. एकुलती एक मुलगी घराबाहेर पडतेय, आता ही रडणार, मग मी रडणार, असा माझा हिशोब होता. तिने घड्याळ पाहिलं.

"चला, साडेचार झाले. निघायला हवं."

"एवढ्यात? अगं, चहा तरी…"

"मंगळवार आहे," आई म्हणाली. "प्यू सरांनी त्याच्या पुढचा, फर्दर मॅथ्सचा वर्ग काढलाय. नावं कमी पडत होती, मी हॉस्पिटलातले पाच जण पकडून आणलेत. आज पहिला दिवस. मीच उशिरा गेले तर बरं दिसेल का?"

बाबा माझ्याकडे बघून ओशाळं हसले. आईने मला घट्ट जवळ घेतलं, पाठीवर दोनदा थोपटलं, "जेवत जा वेळेवर" म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. गाडी वळली तेव्हा बाबांचा हात खिडकीबाहेर होता आणि आईच्या मांडीवर पुस्तक उघडलेलं होतं. तिने मान वर केली नाही. मी फुटपाथवर उभी राहून ढसाढसा रडायला लागले. माझ्याच मजल्यावर राहायला आलेली एक मुलगी बॅग ओढत चालली होती. ती थांबली आणि तिने विचारलं, "आर यू ऑल राइट?"

"ती गाडी गेली ना, त्यात माझी आई आहे," मी तिला म्हणाले. "ती मॅथ्सच्या क्लासला चाललीय. आम्ही दोघी एका वर्गात होतो. तिला ए मिळाला."